काढलं तरी परत येतं: बिघडवलेला ब्राउझर मुळापासून कसा साफ करायचा

आधी लक्षणं बघा. यातली एक-दोन जुळली तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पत्त्याच्या पट्टीत काही शोधायला टाकलं की क्षणभर भलताच पत्ता चमकून जातो आणि निकाल तुम्ही कधी न निवडलेल्या सर्च इंजिनवर उघडतात.
- होमपेज किंवा नवा टॅब आपोआप बदललाय. सेटिंग्जमध्ये जाऊन नीट केलं तरी संगणक बंद करून चालू केला की पुन्हा तेच.
- पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून चौकटी येत राहतात: "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले", "तुमची सुरक्षा आज संपते".
- सातबारा बघायच्या सरकारी साइटवर, बँकेच्या पानावर, म्हणजे जिथे अशा जाहिराती असायचं काही कारणच नाही तिथेही जाहिराती दिसतात.
- एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) यादीत एक अनोळखी नाव आहे आणि त्याच्यापुढचं 'रिमूव्ह' बटण एकतर नाही किंवा दाबलं जात नाही.
- तीन ठिपक्यांचा मेनू उघडला की तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं आहे, आणि संगणक तर घरचा आहे.

चिपळूणला माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जुलै २०२१च्या पुरात इथल्या कितीतरी घरांतले संगणक चिखलात गेले. त्यानंतर लोकांनी जे मिळतील ते जुने लॅपटॉप घेतले, आणि तेव्हापासून या एका तक्रारीची माझ्याकडे रांगच लागली. आजही आठवड्याला दोन-तीन तरी येतातच. प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, काढलं होतं हो मी, पण परत आलं."

ते परत येतं कारण काढलेलं असतं फक्त वरचं पान. हरळीचं जसं मुळीचं एक कांडं मातीत राहिलं तरी पुढच्या पावसात पुन्हा हिरवी होते, तसंच हे आहे. पण ही मुळं कुठे कुठे असतात त्या जागा मोजक्याच आहेत. त्या ठरावीक क्रमाने बघत गेलं तर बहुतेकांना दुकानात यायची गरज पडत नाही. खाली मी क्रोम धरून लिहिलंय. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर त्याच पायावर बांधलेला असल्यामुळे तिथेही नावं थोड्या फरकाने हीच सापडतील.

पाच मिनिटं नुसतं बघण्यात घालवा

काहीही काढायच्या आधी तीन गोष्टी तपासा. यात काही बिघडत नाही आणि पैसाही लागत नाही.

क्रोममध्ये उजवीकडे वर तुमच्या फोटोवर किंवा अक्षरावर क्लिक करून 'गेस्ट' विंडो उघडा. त्यात तुमची एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्ज काहीच येत नाहीत. तिथे शोध नीट चालला तर बिघाड बहुधा तुमच्या क्रोमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या नावाने साठवलेल्या सेटिंग्जमध्ये आहे. तिथेही तोच प्रकार असेल, किंवा गेस्ट उघडूच देत नसेल, तर मूळ बहुधा विंडोजमध्ये खोल आहे. मग दुसरा ब्राउझर उघडून बघा. तिथेही तेच असेल तर दोष एकट्या क्रोमचा नाही. शेवटी त्याच वायफायवरच्या मोबाइलवर तोच शोध घेऊन बघा. मोबाइलवरही भलतीकडे जात असेल तर संशय राउटरवर.

हे आधी का करायचं? कारण उत्तर काय येतं यावर पुढची अर्धी कामं वगळता येतात. गेस्टमध्ये सगळं स्वच्छ दिसत असताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालून विंडोज बिघडवून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक करा. हा त्रास साधारण कुठल्या तारखेपासून सुरू झाला ते आठवून कागदावर लिहा. पुढे ती तारीख दोन ठिकाणी कामी येणार आहे.

कोपऱ्यातल्या चौकटी: हा व्हायरस नसतोच

माझ्याकडे 'व्हायरस आलाय' म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी निदान निम्म्यांत एवढंच निघतं. कधीतरी एखाद्या पानाने "तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवायला अलाउ दाबा" असं सांगितलेलं असतं आणि आपण दाबलेलं असतं. त्या एका क्लिकने त्या साइटला तुमच्या पडद्यावर सूचना पाठवायची परवानगी मिळते. मग साइट बंद असली तरी चौकटी येत राहतात, आणि त्यावर लिहिलेला 'व्हायरस' ही नुसती जाहिरात असते. म्हणून अँटिव्हायरसने कितीही तपासणी केली तरी काही सापडत नाही. सापडण्यासारखं तिथे काही नसतंच.

सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. 'अलाउड' खाली जी यादी दिसेल त्यात ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव ब्लॉक करा. मी तर ग्राहकाला विचारून वरचा मुख्य पर्यायच बदलते, म्हणजे यापुढे कुठल्याच साइटला विचारता येत नाही. ब्राउझरमधून सूचना येण्यावाचून अडतं अशी माणसं फार थोडी.

याच जातीतला दुसरा प्रकार म्हणजे अख्खा पडदा व्यापणारं पान. भोंगा वाजतो, 'संगणक लॉक झाला आहे' असं लिहिलेलं असतं आणि खाली एक फोन नंबर असतो. ते एक साधं वेबपान असतं. एस्केपची कळ दाबून धरा. तेवढ्याने नाही सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं उघडू का' असं विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन करू नका. कुठलीही खरी कंपनी वेबपानावर भोंगा वाजवून तुम्हाला फोन करायला लावत नाही.

एक्स्टेन्शन्स: इथे घाई करू नका

तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. समोर आलेली सगळी एक्स्टेन्शन्स आधी बंद करा. काढू नका, नुसती बंद करा. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा आणि त्रास गेला का बघा. गेला असेल तर एकेक चालू करत जा. ज्याच्या चालू होण्याने त्रास परत येतो तेच दोषी. सगळी एकदम काढून टाकली तर दोषी कोण होतं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही स्वतःच तेच पुन्हा घालता.

नावावरून ओळखायला जाऊ नका. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते पीडीएफचं काहीतरी: पीडीएफचं वर्ड करणारं, पीडीएफ जोडणारं, पीडीएफ लहान करणारं. आपल्याकडे प्रत्येक सरकारी अर्जाला 'फाइल अमुक केबीच्या आत' अशी अट असते, माणूस रात्री अकरा वाजता घाईने शोधतो आणि पहिलं दिसेल ते घालून मोकळा होतो. दुसरा नंबर मराठी फाँट आणि टायपिंगच्या नावाखाली येणाऱ्या वस्तूंचा. टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं सरावासाठी फाँट शोधतात आणि फुकट डाउनलोडच्या साइटवर जातात. त्या पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चार हिरवी बटणं असतात, त्यातली तीन जाहिराती. चुकीचं बटण दाबलं की फाँटबरोबर, किंवा फाँटऐवजीच, दुसरं काही घरात येतं.

एक्स्टेन्शन क्रोमच्या अधिकृत दुकानातून घेतलं होतं, लाखो लोक वापरतात, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं, न वापरलेले टॅब झोपवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन होतं, वीस लाखांहून जास्त लोकांचं. २०२०मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं. नव्या मालकाच्या हातात गेल्यावर त्यात संशयास्पद कोड आला आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. २०२३मध्ये 'पीडीएफ टूलबॉक्स' नावाच्या, तेवढ्याच लोकांच्या एक्स्टेन्शनमध्ये लपवलेला कोड एका संशोधकाने उघड केला. म्हणजे तुम्ही घातलं तेव्हा ते चांगलं असू शकतं आणि नंतर आपोआप अपडेट होऊन बिघडू शकतं. "मी तर चार वर्षं वापरतोय" हे वाक्य म्हणून मी पुरावा धरत नाही.

नावाऐवजी परवानगी बघा. एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये 'सगळ्या साइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाची ओळ असेल तर ते एक्स्टेन्शन तुमचं बँकेचं पानही वाचू शकतं आणि तिथे तुम्ही काय टाइप करता तेही. जाहिराती अडवणाऱ्याला ही परवानगी लागते हे समजू शकतं. पडद्याचा रंग बदलणाऱ्याला किंवा हवामान सांगणाऱ्याला ती कशाला हवी?

दोषी सापडलं की काढा. मग न विसरता आणखी दोन ठिकाणी जा. सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' उघडून यादीत राहिलेलं अनोळखी नाव पुसा, आणि 'ऑन स्टार्टअप'मध्ये एखादा पत्ता लिहिलेला असेल तर तोही. एक्स्टेन्शन गेलं तरी कधीकधी या खुणा मागे राहतात आणि माणसाला वाटतं की काढूनही काही उपयोग झाला नाही.

हे सगळं कोण आणि कशासाठी करतं, असं लोक मला विचारतात. तुमचा शोध त्यांच्या पत्त्यावरून वळवला की त्यातल्या जाहिरातींच्या कमाईचा वाटा त्यांना मिळतो. एका शोधाचे अगदी थोडे पैसे, पण लाखो संगणक, रोज. म्हणूनच बऱ्याचदा शेवटी निकाल ओळखीच्याच सर्च इंजिनवर दिसतात. माणसाला संशय न येणं त्यांच्या फायद्याचं असतं, आणि तुमच्या यंत्रात टिकून राहण्यासाठी एवढा खटाटोप त्याचसाठी.

दुसऱ्या गावातून परत येणारं एक्स्टेन्शन

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी प्लॅस्टिकच्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून आले. टेबलावर ठेवला, पिशवीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ताई, तिसऱ्यांदा आलोय. आता विकूनच टाकतो." खरं होतं त्यांचं. दोनदा मी स्वतः साफ करून दिला होता, पैसेही घेतले होते. तिसऱ्यांदा मी त्यांना समोर बसवलं, चहा मागवला आणि क्रोम उघडून नुसती बघत बसले. एक्स्टेन्शन काढलं. यादी रिकामी. सात-आठ मिनिटांनी, आम्ही कशाला हातही लावलेला नसताना, तेच हिरवं चिन्ह यादीत परत आलं.

मी विचारलं, "गुरुजी, तुमचं जीमेल आणखी कुठे उघडलेलं आहे?"

"माझ्या नाही... हां, मुलीकडे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काही अडलं होतं, तेव्हा तिने पुण्यात तिच्या संगणकावर उघडलं होतं."

तिथेच होतं. मुलीच्या संगणकावर त्यांच्या खात्याने क्रोम उघडा होता, सिंक (एकाच खात्याची सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स सगळ्या यंत्रांवर सारखी ठेवणारी सोय) चालू होतं, आणि खरं बिऱ्हाड त्या यंत्रात होतं. तिथला एक प्रोग्रॅम एक्स्टेन्शन पुन्हापुन्हा घालत होता आणि सिंक ते इमानदारीने चिपळूणला आणून देत होतं. मी दोनदा जे साफ केलं ते चुकीचं यंत्र होतं. पहिल्या दोन वेळचे पैसे मी त्यांना परत दिले, आणि तेव्हापासून हा प्रश्न मी सगळ्यांना पहिल्यांदा विचारते.

म्हणून सेटिंग्जमध्ये आधी सिंक बंद करा. मग ते खाते जिथे जिथे उघडलेलं आहे ती सगळी यंत्रं साफ करा. सगळी झाल्यावरच सिंक चालू करा. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी'मध्ये 'युअर डिव्हायसेस' उघडलं की यंत्रांची यादी मिळते. विकलेला मोबाइल किंवा सोडलेल्या नोकरीतला संगणक दिसला तर तिथून साइन आउट करा.

शॉर्टकट आणि प्रोग्रॅमची यादी

ही दोन लहान कामं आहेत. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट'च्या ओळीत क्रोमच्या ईएक्सई फाइलचं नाव आणि अवतरणचिन्ह संपल्यावर सहसा काही नसतं. तिथे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, किंवा दोन आडव्या रेघा देऊन एक्स्टेन्शन लोड करायची आज्ञा असेल, तर तेवढा भाग पुसा. टास्कबारवरचं आणि स्टार्ट मेनूतलं चिन्ह वेगळं असतं, तेही बघा. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी चिन्हं काढून नवी करणं.

आता तुमच्या कागदावरची तारीख. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स, आणि यादी तारखेप्रमाणे लावा. त्या तारखेच्या आगेमागे आलेलं अनोळखी काहीही काढण्याजोगं आहे. नाव कळत नसेल तर आधी शोधून बघा, कारण प्रिंटर आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हरही अशाच विचित्र नावांनी बसतात.

इथे एक तपासणी चालवा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग स्कॅन ऑप्शन्स, मग डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. उघडं काम सेव्ह करून घ्या, कारण संगणक बंद होऊन साधारण पंधरा मिनिटं तपासत बसतो. विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच हे होतं, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्या गोष्टीही सापडू शकतात. जोडीला मालवेअरबाइट्सचं ॲडव्हक्लीनर हे मोफत साधन चांगलं आहे, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. जुन्या व्हिडिओंमध्ये 'क्रोमच्या सेटिंग्जमधलं क्लीनअप टूल वापरा' असं सांगतात. गूगलने ते मार्च २०२३मध्ये काढून टाकलंय, शोधत बसू नका.

तपासणीत 'काहीही सापडलं नाही' आलं म्हणून थांबू नका. पुढच्या भागात जे आहे त्यात स्कॅनरच्या डोळ्यांना बरेचदा गुन्हा दिसतच नाही.

'तुमची संस्था' कोण?

मोठ्या कार्यालयांना शेकडो संगणकांवर एकच नियम लावता यावा म्हणून क्रोम आणि विंडोजमध्ये 'पॉलिसी' नावाची सोय आहे. अमुक एक्स्टेन्शन सक्तीने घाला, सर्च इंजिन बदलू देऊ नका, असे हुकूम त्यात देता येतात. चोराने हीच सोय वापरली की तुमच्या घरच्या संगणकाला कुणीतरी 'संस्था' मिळते आणि 'रिमूव्ह' बटण मरतं. स्कॅनर याला नेहमी पकडत नाही, कारण सोय अधिकृत आहे.

बघायचं असं: पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी, असं सलग टाइप करून एंटर. घरच्या संगणकावर हे पान सहसा रिकामं असतं. काही अँटिव्हायरसही एखाद-दुसरी ओळ घालतात, तेवढ्याने घाबरू नका. पण 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची ओळ असेल आणि तिच्यापुढे ३२ इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ दिसली, तर तो त्या एक्स्टेन्शनचा क्रमांक आहे. एक्स्टेन्शन्सच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू केला की प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. दोन्ही जुळले की मूळ सापडलं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ही ओळ लगेच काढू नका. जवळपास नेहमीच तिच्यामागे एक राखणदार बसवलेला असतो. दर तासाला किंवा दर वेळी संगणक चालू होताना तो येऊन बघतो, ओळ गेली असेल तर पुन्हा लिहितो. आधी राखणदार, मग कुंपण, म्हणजे ही ओळ.

राखणदार असतो टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत. स्टार्टमध्ये ते नाव टाइप करून उघडा आणि डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी' निवडा. प्रत्येक कामावर क्लिक करून खाली 'ॲक्शन्स' बघत जा. पॉवरशेल (विंडोजचं लेखी आज्ञा चालवणारं साधन) चालवणारं, पुढे न वाचता येणारी लांबलचक अक्षरं असलेलं, किंवा 'ॲपडेटा' फोल्डरमधली विचित्र नावाची फाइल उघडणारं काम दिसलं तर थांबा. त्याची 'तयार झाल्याची तारीख' तुमच्या कागदावरच्या तारखेशी ताडून बघा. २०२२मध्ये पसरलेल्या 'क्रोमलोडर'ची रीत नेमकी हीच होती: क्रॅक केलेला गेम किंवा सिनेमा म्हणून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) यायची, ती उघडली की शेड्युलरमध्ये एक काम बसायचं आणि ते पॉवरशेल वापरून एक्स्टेन्शन पुन्हापुन्हा घालत राहायचं.

संशयित काम आधी 'डिसेबल' करा. दोन दिवस काही अडलं नाही तर काढा. सूक्ष्म फरक वाटेल, पण एकदा एका दुकानदाराच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं बॅकअपचं काम असंच दिसत होतं. डिसेबल केलेलं चालू करता येतं, काढलेलं आणायचं कुठून?

त्यानंतर कुंपण. विंडोजची कळ आणि आर दाबून 'रेजएडिट' इंग्रजीत टाइप करा, म्हणजे रजिस्ट्री उघडेल. 'एचकी लोकल मशीन'मध्ये सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम अशा वाटेने जा. 'क्रोम' फोल्डरवर राइट-क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करा आणि ती फाइल डेस्कटॉपवर ठेवा. मग तो एकच फोल्डर पुसा. 'एचकी करंट युजर'मध्येही हीच वाट बघा. एजसाठी गूगलच्या जागी मायक्रोसॉफ्ट आणि क्रोमच्या जागी एज. 'पॉलिसीज'चा अख्खा फोल्डर पुसायचा मोह होईल, तो करू नका. विंडोजचे स्वतःचे नियमही तिथेच असतात. एक्स्पोर्ट करता येत नसेल किंवा ही वाट वाचूनच धडधडत असेल तर इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

संगणक बंद करून चालू करा, पॉलिसीचं पान पुन्हा उघडा. रिकामं असेल तर एक्स्टेन्शन आता सहज निघेल. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. माझ्याकडे आलेला असा लॅपटॉप मी त्याच दिवशी परत देत नाही, रात्रभर ठेवून घेते. राखणदार राहिला असेल तर सकाळी कळतं.

ऑफिसचा, कॉलेजचा किंवा सरकारी खात्याचा संगणक असेल तर या भागातलं काहीही करू नका. तिथे संस्था खरी असते आणि तिचे नियमही.

अजूनही आहेच?

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'रिसेट सेटिंग्ज' आहे. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन्स बंद होतात, होमपेज आणि सर्च इंजिन मूळ जागी येतं. त्यानेही नाही झालं तर नवीन प्रोफाइल करून बघा.

मोबाइलवरही तोच प्रकार दिसत असेल तर राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुधा राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी तुमच्या केबलवाल्याने किंवा तुम्ही न टाकलेले आकडे असतील तर ते 'ऑटोमॅटिक' करा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला. केबलवाल्याला फोन केला तर तो हे पाच मिनिटांत करतो.

कुठे थांबायचं

पुढच्या गोष्टी झाल्या असतील तर स्वतः साफसफाई करत बसू नका.

पैसे गेले असतील, किंवा कुणाला फोनवर सांगून तुम्ही संगणकाचा ताबा दिला असेल, तर आधी नेट तोडा. बँकेला कळवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. यात तास मोजले जातात, कारण पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच मिळण्याची आशा असते. तक्रार नोंदवेपर्यंत काही पुसू नका, तो पुरावा आहे.

घातक एक्स्टेन्शन चालू असताना बँक किंवा ईमेल वापरलं असेल तर पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. आणि 'सगळीकडून साइन आउट' हा पर्यायही वापरा. ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरीला गेलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून नेहमी भागत नाही.

विंडोजच ॲक्टिव्हेटर (विकत न घेतलेलं विंडोज चालू करून देणारं साधन) लावून चालवलेलं असेल, विशेषतः विकत घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर, तर वरचं काहीच पुरेसं नाही. असे ॲक्टिव्हेटर बहुतेकदा सुरुवातीलाच अँटिव्हायरस बंद करायला लावतात, मग त्यांच्याबरोबर काय काय आत आलं ते कोण सांगणार? तिथे डेटा काढून घेऊन नवं, खरं विंडोज घालणं हाच उपाय. सगळ्या पायऱ्या नीट करूनही तिसऱ्यांदा परत आलं तरी हेच.

दुरुस्तीला देताना तारखेचा कागद आणि तुम्ही काय काय केलं ते लिहून द्या, माझा त्याने तासभर वाचतो. फोटो आणि कागदपत्रांची प्रत तुमच्यासमोर वेगळ्या डिस्कवर काढायला सांगा. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड कुठल्याही दुरुस्तीवाल्याला लागत नाही. मागितला तर लॅपटॉप उचलून परत घरी न्या. आणि ज्या गावात मुलगा-मुलगी राहतात तिथे तुमचं खातं उघडलेलं आहे का, ते दुकानात यायच्या आधी फोन करून विचारून या.